चिरनेर ते बदलापूर : गोळी, टाळ्या आणि न्यायासन

पेणच्या बाजारात, रोह्याच्या एसटी स्टँडवर, नागोठण्याच्या नाक्यावर कुठल्याही मोठ्या गुन्ह्याची बातमी निघाली की एक वाक्य हमखास कानावर येते. "कोर्टबिर्ट कशाला? जागेवरच उडवला पाहिजे." हे बोलणारी माणसे दुष्ट नसतात. धाटावच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला कामगार असतो, भाजीचे वाटे लावून बसलेली बाई असते, कॉलेजला जाणारी मुले असतात. आमच्या बौद्ध वाड्यांतही हे वाक्य तितक्याच सहजपणे बोलले जाते. विहारात संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचणारे तरुण एन्काउंटरची बातमी आली की मोबाईलवर अंगठा दाबून तिचे स्वागत करतात.

या मतामागचा संताप खोटा नाही. २०२० च्या जुलैमध्ये रोहा तालुक्यात एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पेणमध्ये अवघ्या तीन वर्षांच्या आदिवासी मुलीचे तेच झाले. संपूर्ण जिल्हा हादरला. फाशीची मागणी झाली. राज्यभरातला रोष पाहून विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केले. ज्या घरातली मुलगी गेली त्या घरापुढे उभे राहून कायद्याची कलमे सांगणे सोपे नसते, आणि ज्यांना ते सोपे वाटते त्यांच्याशी आमचे जमणारही नाही.

तरीही एक प्रश्न आम्ही विचारणार आहोत. पोलिसांच्या बळाबद्दल आपले मत नेमके कशावरून ठरते? बळ किती वापरले, कुणाच्या हुकमाने वापरले, त्याची गरज होती का, यावरून ठरते की ते कुणावर वापरले यावरून? आमच्या जिल्ह्याचा शंभर वर्षांचा इतिहास उघडून पाहिला तर उत्तर नामुष्कीचे आहे. गोळी आपल्याला लागली की तो अत्याचार असतो, दुसऱ्याला लागली की तो न्याय असतो. आणि असा न्याय मान्य करणाऱ्या समाजात पहिला बळी कुणाचा जातो, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे.

आजचा रायगड म्हणजे १९८१ पर्यंतचा कुलाबा जिल्हा. याच जिल्ह्यात महाड आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला तिथे परिषद झाली आणि बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा उठवून सवर्णांच्या जमावाने परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालवल्या. त्या दिवशी महाडच्या रस्त्यावर जनमत कुणाच्या बाजूने होते? लाठीवाल्यांच्या. गावातल्या बहुसंख्य लोकांना विचारले असते तर त्यांनी 'बरे केले, यांना धडा मिळायलाच हवा होता' असेच सांगितले असते.

नंतर हल्लेखोरांवर खटला भरला गेला आणि जून १९२७ मध्ये पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. हा निकाल लागल्यावर बाबासाहेब काय म्हणाले, ते आजच्या आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. जिल्ह्यातले प्रमुख अधिकारी हिंदू नव्हते म्हणूनच निःपक्षपाती न्याय मिळू शकला, असे त्यांचे निरीक्षण होते. न्याय कायद्याच्या पुस्तकात जितका असतो तितकाच तो खुर्चीवर कोण बसले आहे यातही असतो, हे त्यांनी त्या वेळीच ओळखले होते.

त्यानंतरची गोष्टही विसरता येत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेसाठी हजारो लोक महाडला जमणार होते. त्याआधीच, १२ डिसेंबरला, सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला कोर्टाकडून तात्पुरती मनाई मिळवली. सत्याग्रहासाठी घरून भाकरी बांधून आलेली माणसे समोर बसली होती. संख्या आपली होती, संताप आपला होता, नैतिक बळ आपले होते. तरी बाबासाहेबांनी तळ्यावर जाणे स्थगित ठेवले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण कोर्टाची मनाई मोडली नाही. पुढे दहा वर्षे तो दावा लढवला. मनाई फेब्रुवारी १९२८ मध्ये उठली, दावा जून १९३१ मध्ये फेटाळला गेला, ठाण्याच्या कोर्टातले अपील जानेवारी १९३३ मध्ये फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. त्या निकालात न्यायमूर्तींनी अस्पृश्यतेवर भाषण केले नाही. अस्पृश्यांना तळ्यावर बंदी असल्याची रूढी प्राचीन काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढेच म्हटले. पुरावा आणा, असे सांगितले. शेकडो वर्षे आपल्याला कुणी पुरावा मागितला नव्हता आणि आपल्या विरोधात कुणाला पुरावा द्यावाही लागला नव्हता. त्या एका मागणीने तळे मोकळे राहिले.

महाडनंतर तीन वर्षांनी याच जिल्ह्यात चिरनेर घडले. चिरनेर आज उरण तालुक्यात आहे, पेणपासून फार लांब नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. जंगलात गुरे चारायची नाहीत, लाकूडफाटा आणायचा नाही, या कायद्याने ज्यांची चूलच विझणार होती ती माणसे तिथे जमली होती. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही मेले. झालेल्या झटापटीत सरकारी बाजूचीही माणसे मेली, त्यात मामलेदार केशव महादेव जोशी होते. गोळीबाराला त्यांचा विरोध होता, अशी आठवण त्या भागात आजही सांगतात. हुतात्म्यांची नावे वाचा. नवश्या महादेव कातकरी. रामा बामा कोळी. रघुनाथ मोरेश्वर न्हावी. बाकीचे पाटील, म्हात्रे, फोफेरकर. पोलिसांची गोळी सुटली तेव्हा समोर कातकरी, कोळी, न्हावी, आगरी होते, आणि नंतर खटलाही गावकऱ्यांवरच चालला. सरकारच्या कागदात ते दंगेखोर होते.

आज दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरच्या हुतात्मा स्तंभापुढे पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात. ज्यांना पोलिसांनी दंगेखोर म्हणून मारले त्यांनाच पोलीस आता सलामी देतात. आम्ही या सलामीची टिंगल करत नाही. ती योग्यच आहे. पण ती आपल्याला काहीतरी सांगते. 'दंगेखोर', 'गुन्हेगार', 'देशद्रोही' हे शब्द गोळी झाडताना सरकारच्या सोयीने लावलेले असतात. ते खरे होते की खोटे, हे गोळी झाडणारा ठरवू शकत नाही. ते ठरवायला वेळ लागतो, साक्षी लागतात, उलटतपासणी लागते. ज्याला जागेवर उडवले त्याला यातले काहीच मिळत नाही.

कुणी म्हणेल, ते इंग्रजांचे राज्य होते. ठीक आहे, मग लोकांनी निवडून दिलेल्या मंत्रिमंडळाच्या काळात या. १९३८ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. तेव्हाही पोलिसांनी गोळीबार केला आणि बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात त्याबद्दल सरकारला धारेवर धरले. सरकार आपल्या माणसांचे आहे म्हणून त्याच्या गोळीला वेगळा न्याय लावायचा, हे त्यांना मान्य नव्हते.

मग स्वातंत्र्य आले, संविधान आले. १६ जानेवारी १९८४ ला जासईत आणि दुसऱ्या दिवशी पागोटे परिसरात पोलिसांनी पुन्हा गोळीबार केला. समोर नवी मुंबईसाठी जमिनी गेलेले शेतकरी होते, नेतृत्व शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांचे होते. पाच शेतकरी हुतात्मा झाले. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते, म्हणजे एका शेतकऱ्याच्या नावाने चालणाऱ्या राज्यात शेतकरीच मारले गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे जे तत्त्व आले, ते या रक्तातून आले. पेण, पनवेल, उरणच्या आगरी-कोळी घरांत हे बलिदान आजही जिवंत आहे. त्याच घरांतल्या तरुणांना आम्ही विचारतो : त्या दोन दिवसांत मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसलेल्या कुणीतरी 'विकासाच्या आड येणाऱ्यांना असेच ठोकले पाहिजे' असे म्हटले असेल, तर ते तुम्हाला चालले असते का?

आणि आपल्या लोकांनी ११ जुलै १९९७ विसरायचे म्हटले तरी विसरता येणार नाही. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. सकाळी लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा जण मेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी आत्महत्या केली. गॅसचा टँकर पेटवून देण्याचा डाव होता म्हणून गोळी झाडावी लागली, असे पोलीस सांगत राहिले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हा गोळीबार समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष काढला. हुकूम देणारा उपनिरीक्षक मनोहर कदम याला मे २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, म्हणजे निकालाला बारा वर्षे लागली. शिक्षेनंतर उच्च न्यायालयातून त्याला लवकरच जामीन मिळाला. त्या बारा वर्षांत या राज्यातल्या बहुसंख्य समाजाने रमाबाई नगरासाठी किती आवाज उठवला? 'दंगा केला, मग गोळी बसणारच' असे म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. आज आपण दुसऱ्याच्या बाबतीत तेच वाक्य बोलतो.

आता अलीकडे येऊ. ६ डिसेंबर २०१९, महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीवर रांगा लागलेल्या असताना हैदराबादची बातमी आली. बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी पहाटे मारले होते. पोलिसांवर फुले उधळली गेली. त्या चकमकीची चौकशी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच महाराष्ट्रातले निवृत्त न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांचा आयोग नेमला. २०२२ मध्ये आयोगाचा अहवाल खुला झाला. पोलिसांनी मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, चकमकीची गोष्ट विश्वासार्ह नाही आणि मारलेल्या चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असे त्यात म्हटले आहे. ज्यांनी फुले उधळली त्यांच्यापैकी किती जणांनी हा अहवाल वाचला?

पुढची घटना आपल्या घराजवळची. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवायलाच पालकांना तासन्‌तास पोलीस ठाण्यात ताटकळावे लागले. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखली, तेव्हा पोलिसांनी त्याच लोकांवर लाठ्या चालवल्या आणि त्यांच्यावरच गुन्हे नोंदवले. २३ सप्टेंबरला आरोपीला तळोजा कारागृहातून, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातून, पोलिसांच्या गाडीने नेत असताना मुंब्र्याजवळ तो मारला गेला. त्याने बंदूक हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षणासाठी त्याला मारले, असे पोलिसांनी सांगितले. पेढे वाटले गेले. 'बदला पुरा'चे फलक लागले. महिन्यापूर्वी ज्यांच्या पाठीवर पोलिसांची लाठी पडली होती, त्यांच्याच शहरात पोलिसांचा जयजयकार झाला.

पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरले गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवून विशेष पथकामार्फत तपास करण्याचे आदेश दिले. पण आरोपीवरचा खटला कायमचा संपला. तो दोषी ठरला नाही, निर्दोषही ठरला नाही. त्या मुली मोठ्या होतील तेव्हा 'कोर्टाने त्याला दोषी ठरवले' असे वाक्य त्यांना कुणी सांगू शकणार नाही. हा त्यांना मिळालेला न्याय आहे की त्यांच्या हातून काढून घेतलेला न्याय आहे?

एक तारीख इथे नोंदवून ठेवतो. २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात चकमकींबाबत सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या यंत्रणेकडे द्या, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करा, संशय फिटेपर्यंत चकमक करणाऱ्यांना बढती किंवा शौर्यपदक देऊ नका. हा निकाल आपल्याच राज्यातल्या चकमकींबद्दल होता. बदलापूरच्या आरोपीला गोळी लागली त्या दिवशी या निकालाला बरोबर दहा वर्षे पूर्ण होत होती.

त्यानंतर तीन महिने होण्याच्या आत परभणी घडली. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले आणि पोलीस वस्त्यांत घुसले. अटक झालेल्यांत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होता, वडार समाजातला. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदले गेले. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत श्वसनाच्या आजाराचा उल्लेख केला आणि मारहाण झाल्याचे नाकारले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने मात्र पोलिसांना जबाबदार धरले. सोमनाथची आई न्यायालयात गेली, ॲड. प्रकाश आंबेडकर तिच्या बाजूने उभे राहिले, ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

आम्ही या दोन माणसांची तुलना करत नाही. एकावर अत्यंत घृणास्पद गुन्ह्याचा आरोप होता, दुसरा संविधानाच्या सन्मानासाठी रस्त्यावर उतरलेल्या समाजातला विद्यार्थी होता. पण दोघांच्या बाबतीत वापरात आलेली चौकट एकच आहे. कोठडीतला मृत्यू, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, पोलिसांवर ठपका, मग आईबाप उच्च न्यायालयात. सप्टेंबरमध्ये 'चौकशी कशाला?' म्हणणारा माणूस डिसेंबरमध्ये 'चौकशी झालीच पाहिजे' म्हणू लागला, तर सरकार त्याला त्याचेच वाक्य ऐकवेल. सोमनाथच्या आईच्या हातात जे शस्त्र होते ते एन्काउंटरला टाळ्या वाजवणाऱ्यांनी दोन-अडीच महिन्यांपूर्वीच मोडायला घेतले होते.

हे मत फक्त नाक्यावरचे आहे असे समजू नका. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी देशभरातल्या पोलिसांमध्ये केलेल्या २०१९ च्या पाहणीत ३७ टक्के पोलिसांना किरकोळ गुन्ह्यात खटला चालवण्यापेक्षा पोलिसांनीच छोटी शिक्षा द्यावी असे वाटत होते. २०२५ च्या पाहणीत पाचातल्या एकाहून अधिक पोलिसांनी धोकादायक गुन्हेगाराला खटल्यापेक्षा मारणे परिणामकारक मानले. पोलीस आपल्यातूनच येतात. आपण नाक्यावर जे बोलतो ते ते ठाण्यात करतात. आणि 'किरकोळ गुन्ह्यातली छोटी शिक्षा' कुणाला मिळते, हे पेणच्या डोंगरपट्ट्यातल्या कातकरवाडीत जाऊन विचारा. बंगल्यातल्या माणसाला ती मिळत नाही. वीटभट्टीवरून परतलेल्या, वकील न परवडणाऱ्या माणसाला मिळते. नवश्या कातकरी हुतात्मा म्हणून स्तंभावर कोरला गेला, पण त्याचे भाऊबंद आजही पहिले संशयित असतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. "कोर्टात न्याय मिळतो कुठे? तारखांवर तारखा. आणि कोर्टही आता राजकारण्यांचे झाले." उशीर खरा आहे. रमाबाई नगराची बारा वर्षे आम्ही वर सांगितलीच. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांतले ७५.८ टक्के कैदी कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला न संपताच आत बसलेले. म्हणून कोर्ट वगळा, असा निष्कर्ष काढणे म्हणजे दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून रुग्णाला विष देणे आहे. डॉक्टर मागा. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरा असे सरकारला सांगा. आमदारांच्या घरावर मोर्चा न्या.

राजकारणाचा मुद्दाही खरा आहे, आणि तो एका पक्षाचा नाही. काँग्रेसच्या काळात न्यायमूर्ती बहरुल इस्लाम सर्वोच्च न्यायालयातून राजीनामा देऊन १९८३ मध्ये राज्यसभेत गेले. भाजपच्या काळात सरन्यायाधीश रंजन गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत, मार्च २०२० मध्ये, राज्यसभेत गेले. सत्ता कुणाचीही असो, न्यायाधीशाच्या डोळ्यांपुढे पुढची खुर्ची दिसू लागली की समोरच्या फाईलीवर तिची सावली पडते.

बाबासाहेबांना हे सगळे आधीच दिसत होते. २४ मे १९४९ ला संविधान सभेत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलताना त्यांनी तिन्ही टोके नाकारली. सरकारच्या एकट्याच्या मर्जीवर नेमणुका सोडणे धोक्याचे, संसदेची संमती लागू केली तर राजकीय दबाव येणार, आणि सरन्यायाधीशांच्या हातात नकाराधिकार द्यावा तर तोही शेवटी माणूसच, त्यालाही सामान्य माणसाचे दोष आणि पूर्वग्रह असतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९९३ च्या निकालानंतर कॉलेजियम आले, म्हणजे न्यायाधीशच न्यायाधीश नेमू लागले. २०१५ मध्ये नियुक्ती आयोगाचा कायदा रद्द झाला. आज वाद चालतो तो 'सरकार की कॉलेजियम' एवढाच. पण बाबासाहेबांनी माणसाच्या पूर्वग्रहाचा जो मुद्दा काढला होता, तो दोन्ही बाजू टाळतात.

केंद्रीय कायदा मंत्रालयाने संसदीय समितीला दिलेली माहिती पाहा. २०१८ ते डिसेंबर २०२२ या काळात उच्च न्यायालयांत ५३७ न्यायाधीश नेमले गेले. त्यांतले ७९ टक्के सर्वसाधारण प्रवर्गातले होते. ओबीसी ११ टक्के, अनुसूचित जाती २.८, अनुसूचित जमाती १.३, अल्पसंख्याक २.६. देशाच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जाती १६.६ टक्के आणि जमाती ८.६ टक्के आहेत. न्यायालयातला समतोल म्हणजे डावे किती आणि उजवे किती, असे वाहिन्यांवर मोजले जाते. आम्ही म्हणतो, आधी हे मोजा. ज्या घरात कधी पोलीस दार ठोठावत नाही, त्याच घरांतून बहुतेक न्यायाधीश येत असतील, तर कोठडीतल्या मारहाणीची कहाणी त्यांना ऐकू येण्यासाठी किती जोराने सांगावी लागेल?

'म्हणजे तुम्हाला जातीचे न्यायाधीश हवेत,' असा टोमणा लगेच येईल. आम्हाला महाड १९२७ हवे आहे. तिथे अधिकारी आपल्या जातीचे नव्हते, फक्त हल्लेखोरांच्या जातीव्यवस्थेबाहेरचे होते, एवढ्याने फरक पडला. न्यायासनावर निरनिराळ्या समाजांतली, निरनिराळ्या अनुभवांची माणसे असली की एका समाजाचा पूर्वग्रह कायदा म्हणून खपत नाही. मे ते नोव्हेंबर २०२५ या काळात अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश होते, देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश. आपल्याला त्याचा अभिमान वाटला. त्यांच्याच खंडपीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये, आरोपीचे घर बुलडोझरने पाडणारे प्रशासन स्वतःच न्यायाधीश होऊ शकत नाही, असे बजावले होते. ६ ऑक्टोबर २०२५ ला भर न्यायालयात त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न झाला आणि त्याचेही समर्थन करणारे निघाले. एका माणसाने समतोल येत नाही. पण एक माणूसही कित्येकांना का सलतो, ते त्या बुटाने दाखवले.

मग जनमताला काहीच किंमत नाही का? आहे, आणि तिचे उत्तम उदाहरण आपल्या पेणनेच दिले आहे. महामुंबई सेझसाठी जमिनी घ्यायच्या होत्या तेव्हा शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला लोकांचा कौल घ्यावा लागला. माणसांनी रांगा लावून आपले मत नोंदवले. तो सेझ झाला नाही. जमीन कुणाला द्यायची, कायदा कसा असावा, कोर्टावर किती खर्च करावा, पोलिसांना कुणापुढे जबाबदार धरावे, हे जनमताने ठरवायचे. अमुक एक माणूस दोषी आहे की नाही, हे जनमताने ठरवायचे नाही. १९२७ च्या महाडमध्ये जनमत घेतले असते तर चवदार तळे आपल्याला कधीच मिळाले नसते.

मथुरा प्रकरणाची आठवण इथे उपयोगी आहे. १९७२ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तेच गृहीत धरावे, अशी तरतूद आली. त्या आंदोलनाने आरोपींना मारा असे म्हटले नाही. न्यायालयाला त्याची चूक दाखवली आणि कायदा सुधारून घेतला. संतापाला ही वाट देता येते.

पेण-रोह्याच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे म्हणून अगदी साधे आहे. प्रत्येक विहारात, प्रत्येक आदिवासी वाडीवर अटकेचे नियम मोठ्या अक्षरांत लावा. अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजेरी, वैद्यकीय तपासणी, मोफत वकील. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच यातले बरेच सांगून ठेवले आहे. पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही चालू आहेत का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. तालुका विधी सेवा समितीचा पत्ता पोरांना पाठ हवा. पोलिसांनी मारहाण केल्याची तक्रार घेऊन कातकरी आला तर त्याची जात, त्याचा गुन्हा न विचारता त्याच्याबरोबर ठाण्यात जा. आणि पीडित मुलीचे कुटुंब आले तर त्याच्याही बरोबर जा, तक्रार नोंदवली जाईपर्यंत उठू नका, खटला संपेपर्यंत प्रत्येक तारखेला अलिबागला हजर राहा. एन्काउंटरच्या बातमीला टाळी वाजवायला एक सेकंद लागतो. तारखेला हजर राहायला वर्षे लागतात. तळ्याच्या दाव्यात दहा वर्षे लागली होती आणि बाबासाहेब एकही तारीख विसरले नाहीत.

जयभीम!